केळीचा मुनवा : बी नसलेल्या झाडाचा इतिहास

आजच्या धाग्याचा विषय घरामागचा आहे. खडवलीपासून भातसेच्या काठाकाठाने कोणत्याही गावात जा. न्हाणीचे पाणी जिथे सांडते तिथे केळीचे एखादे बेट बहुधा उभे असते. मधोमध वाढलेली केळ आणि तिच्या पायथ्याशी बिलगून आलेली दोन-तीन पिले. या पिलांना मराठीत मुनवे म्हणतात. पावसाच्या तोंडावर घरातले कोणीतरी पहार घेते, त्यांतला एक मुनवा आईपासून अलग करते आणि दहा पावलांवर, शेजारच्या गावी किंवा लेकीच्या सासरी नेऊन लावते. काम अर्ध्या तासाचे. या अर्ध्या तासामागे किमान साडेसहा हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला फारच थोडा कोणी लिहून ठेवला आहे.

प्रथम वनस्पतीचे म्हणणे ऐकू. आपण खातो त्या केळ्यात बी नसते. मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, ते कधीच न भरलेल्या बीजांडांचे अवशेष होत. जांभळाचे बी पक्षी टाकतो, आंब्याची कोय उकिरड्यावर रुजते, चिंच ओढ्याकाठी आपोआप उगवते. केळीला ही सोय नाही. महापुरात एखादा गड्डा वाहून दुसरीकडे रुजला तर तो अपवाद. एरवी तुम्ही पाहिलेली प्रत्येक केळ कोणीतरी हाताने खणून, उचलून, लावलेली आहे. तिची आईही तशीच लावलेली होती, आणि त्या आईची आईही. ही हातांची साखळी मागे नेत गेलात तर ती कुठेही तुटलेली आढळणार नाही, कारण जिथे ती तुटली तिथे ती जातच संपली.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. मुनव्याला आपण ‘पिलू’ म्हणतो, पण खऱ्या अर्थाने तो आईचे मूल नव्हे. तो आईच आहे. त्याला बाप नाही. जमिनीखालच्या एकाच कंदातून फुटलेला तो दुसरा कोंब असतो. पाचशे वर्षांपूर्वी वसईच्या एखाद्या वाडीत जी राजेळी केळ होती आणि आज जी आहे, त्या दोघींत पूर्वज-वंशज असे नाते लावणे अवघड आहे. एकच वनस्पती शरीरे बदलत आजवर आली आहे. अधूनमधून एखादा कोंब जरा वेगळा निघतो, बुटका वा तांबूस. माणसाला तो आवडला तर त्याचा मुनवा वेगळा लावला जातो आणि नवी जात जन्माला येते. केळीची वंशावळ अशी मुख्यतः माणसाच्या आवडीनिवडीने लिहिली गेली आहे.

आता मुनवा कसा काढतात ते पाहू, कारण या कृतीतच बरेचसे ज्ञान साठवलेले आहे.

केळीभोवती दोन प्रकारचे मुनवे येतात. एकाची पाने सुरुवातीलाच रुंद व पसरट असतात. दिसायला तो गोंडस, पण बुंध्याशी बारीक. दुसऱ्याची पाने अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी, आणि बुडखा मात्र जाड. नवखा माणूस हमखास पहिला उचलतो. जाणता दुसरा घेतो. याचे कारण मोठे सुंदर आहे. अरुंद पानांचा मुनवा आईच्या कंदाशी घट्ट जोडलेला असतो. अन्न आईकडून मिळत असल्यामुळे त्याला मोठी पाने काढण्याची घाई नसते, आणि तो आपला सगळा साठा बुडख्यात करतो. रुंद पानांच्या मुनव्याची आईशी जोडणी वरवरची असते. पोटापाण्यासाठी त्याला लहानपणीच पाने पसरावी लागतात, म्हणून त्याचा कंद दुबळा राहतो. वनस्पतिशास्त्राने हे कारण सांगितले ते अलीकडे. निवड मात्र त्याआधी शेकडो पिढ्या अचूक होत होती.

दोन-तीन महिन्यांचा, गुडघ्याच्या वर आलेला मुनवा निवडावा. आईच्या आणि त्याच्या मधली माती हाताने मोकळी करावी, जोड कुठे आहे तो पाहावा, आणि पहारीचा किंवा धारदार कुदळीचा एकच नेमका घाव त्या जोडावर घालावा. घाव आईच्या अंगात गेला तर घडाच्या वजनाने ती पुढे कलंडते. मुनव्याच्या अंगात गेला तर जखमेतून तो कुजतो. वर आलेला गड्डा अर्धा-पाऊण किलोचा, निमुळता असावा. जुनी मुळे छाटावीत, वरचा शेंडा आखूड करावा, गड्डा एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी आणि मग दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात शेणखत घालून तो पुरावा. भोवतीची माती पायाने दाबावी, म्हणजे आत पोकळी राहून पाणी साचत नाही. ठाण्याच्या पावसात केळ पाण्यावाचून मरण्यापेक्षा पाणी तुंबून मरण्याची भीती अधिक असते.

आणखी एक निरीक्षण. पिलावर पिलू घेत गेले की कंद दरवेळी थोडा वर वर येऊ लागतो. काही वर्षांनी गड्डा जमिनीवर उघडा दिसतो आणि वाऱ्याला केळ उन्मळून पडते. शिवाय प्रत्येक नवे पिलू आईच्या एका बाजूला येत असल्याने बेट हळूहळू सरकते. ज्यांच्या घरामागे जुने बेट आहे त्यांनी आजीला विचारावे; ते पूर्वी नेमके कुठे होते, हे ती बोटाने दाखवील. मुनवा काढून नव्या जागी लावणे म्हणजे या चालत्या झाडाला पुन्हा खोल जमीन देणे होय.

आता हजारो वर्षे मागे जाऊ. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक नावाची एक दलदल आहे. तेथील उत्खननात केळीच्या लागवडीचे सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत. केळीला लाकूड नसते, त्यामुळे तिचे खोड टिकत नाही. टिकतात ते तिच्या पेशींत साचलेले वाळूसारखे सूक्ष्म कण, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. न्यू गिनीपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली एक रानटी केळ आणि भारतापासून फिलिपिन्सपर्यंतच्या पट्ट्यात वाढणारी दुसरी, अशा दोन जातींच्या मिलनातून आजची बहुतेक केळी आली. नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड या दोघांनी १९५५ मध्ये हे गणित मांडले : पहिलीचा वाटा ‘ए’ आणि दुसरीचा ‘बी’ मानून प्रत्येक जातीचे सूत्र लिहायचे. बसराई ‘एएए’, राजेळी ‘एएबी’, पांढरी वेलची ‘एबी’. ज्यांत गुणसूत्रांचे तीन संच येतात त्यांना बी धरता येत नाही, आणि आपल्या ओळखीच्या बहुतेक केळी याच गटातल्या आहेत.

रानटी केळ बियांनी गच्च भरलेली असते. दात पडतील अशा काळ्या टणक बिया, आणि त्यांच्यामध्ये चिमूटभर गर. कोणा एका माणसाला कधीतरी कमी बियांचे फळ मिळाले असेल. त्या झाडाचे बी लावून उपयोग नव्हता, कारण त्याचा गुण बी नसणे हाच होता. त्याच्या पायथ्याचे पिलू उचलणे एवढा एकच मार्ग उरत होता. कृषिइतिहासात धान्य पेरण्याला जे महत्त्व आपण देतो, तितकेच या पिलू उचलण्याला द्यायला हवे, असे माझे मत आहे. पेरणीवर ग्रंथ झाले. मुनव्यावर एखादा परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ.

तुलनेसाठी आपल्याच सह्याद्रीकडे पाहा. पावसाळ्यात घाटांतील उभ्या कड्यांवर जी रानकेळ दिसते, जिला काही भागांत कवदर किंवा चवई म्हणतात, ती केळीची चुलत बहीण आहे. तिला बुडाशी मुनवे येत नाहीत. ती बियांवर जगते, उन्हाळ्यात जमिनीत दडते, पावसात वर येते आणि आयुष्यात एकदाच फळून संपते. तिला माणसाची गरज नाही आणि माणसाने तिला अंगणातही आणले नाही. अंगणातली केळ आणि कड्यावरची केळ यांच्यात निवाडा केला तो मुनव्याने.

आपल्या जुन्या वाङ्मयाने केळीकडे बारकाईने पाहिले आहे. अमरकोशात तिला कदली, रंभा, मोचा अशी अनेक नावे आहेत. बौद्ध परंपरेत तिची दोन रूपके प्रसिद्ध आहेत. सोपट सोलत गेले तरी आत लाकडाचा गाभा सापडत नाही, हे एक. संस्कारांच्या निःसारतेसाठी ते वापरले गेले. दुसरे असे, की फळच केळीला मारते. देवदत्ताच्या मानसन्मानाविषयी बोलताना हा दृष्टांत येतो. घड पिकला की केळ मरते, हे त्या काळच्या प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असल्याखेरीज असा दृष्टांत चालला नसता. मौज अशी, की तेच झाड आपण सत्यनारायणाच्या चौरंगाला आणि लग्नाच्या मांडवाला वंशवृद्धीचे चिन्ह म्हणून बांधतो. एकाने मरणारी आई पाहिली, दुसऱ्याने तिच्या पायाशी उभी असलेली पिले. दोघांचेही निरीक्षण बिनचूक आहे.

लागवडीच्या दृष्टीने पाहिले तर पाली ग्रंथांत ‘बीजा’चे पाच प्रकार सांगितले आहेत : मुळापासून वाढणारे, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि प्रत्यक्ष बियांपासून वाढणारे. म्हणजे ‘बीज’ या शब्दाचा अर्थ तेव्हा आजच्यापेक्षा व्यापक होता. अर्थशास्त्रातील सीताध्यक्षाच्या प्रकरणात कंदांना लावण्यापूर्वी मध व तूप चोपडावे असे आहे, तर कांड्यांच्या कापलेल्या टोकांना मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांचा लेप सांगितला आहे. कापलेली जागा हीच कुजण्याची जागा, हे जाणूनच ही योजना झाली असावी.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. त्यात फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष यांच्या पंक्तीत केळ बसवली आहे आणि ही सर्व झाडे शेणाचा लेप देऊन ‘कांड’ लावून वाढवावीत असे म्हटले आहे. येथे थोडे थांबावेसे वाटते. डाळिंबाची फांदी रुजते. केळीला फांदीच नाही, आणि तिचे वरचे खोड हे पानांच्या देठांची गुंडाळी असल्यामुळे ते मातीत पुरले तर केवळ कुजते. रुजतो तो जमिनीखालचा कंद. वराहमिहिर ज्योतिषातला थोर पंडित होता; बागेत पहार धरणाऱ्याने ही यादी केली असती तर त्याने केळीला नक्कीच वेगळी ओळ दिली असती. ग्रंथातील ज्ञान आणि हातातील ज्ञान यांच्यामधले हे वीतभर अंतर आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. तरीही त्याच अध्यायात दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा किमान हा जो हिशेब येतो, तो बागवानाकडूनच आला असला पाहिजे.

केळ जिथे जिथे गेली, तिथे तिच्याबरोबर नावही गेले. संस्कृत ‘मोचा’ आणि अरबी ‘मौझ’ यांचे नाते अनेक भाषाभ्यासकांनी जोडले आहे. अरबीवरून लॅटिन ‘मुसा’ आले आणि तेच आज केळीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना केळीला झाड म्हणावे की नाही असा प्रश्न उपस्थित केला, आणि ती गवत व झाड यांच्या मधली काहीतरी आहे असा निर्णय दिला. वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर हा निर्णय चांगला टिकतो : केळ ही एक प्रचंड ओषधीच होय.

बाबरानंतर काही दशकांनी, १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने एक संवाद केळीला वाहिला. पोर्तुगीज तिला ‘हिंदुस्थानचे अंजीर’ म्हणत. ऑर्ताने अरबी नावाची नोंद केली आणि गिनीच्या किनाऱ्यावर या फळाला ‘बनाना’ म्हणतात हेही लिहिले. आज जगभर चालणारा तो शब्द असा पश्चिम आफ्रिकेतला आहे. हाच ऑर्ता मुंबई बेटाचा खंडकरी होता, हे ठाण्या-मुंबईच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आफ्रिकेतून केळ कॅनरी बेटांवर गेली होती. तेथून १५१६ मध्ये तोमास द बेर्लांगा या धर्मगुरूने तिचे मुनवे सांतो दोमिंगोला नेले, असे समकालीन इतिहासकार ओव्हिएदो लिहितो. अटलांटिक ओलांडताना मुनवा का तगतो? कंदात पिष्ट आणि पाणी दोन्ही साठलेले असते. पाने छाटून सावलीत ठेवलेला गड्डा कित्येक दिवस जिवंत राहतो. ना कुंडी लागते, ना माती, ना रोज पाणी.

याच्या उलट उदाहरण नीरफणसाचे. त्यालाही चांगल्या जातीत बी नसते आणि त्याची रोपे आईच्या मुळांवर फुटलेल्या कोंबांपासून करतात. कोकणात विलायती फणस लावताना आजही तोच मार्ग वापरतात. ब्रिटिशांना वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी स्वस्त अन्न हवे होते, म्हणून विल्यम ब्लाय याला ‘बाउंटी’ जहाजावरून ताहितीला धाडण्यात आले. तेथे कोंब रुजेपर्यंत त्याला पाच महिने थांबावे लागले. १,०१५ रोपे घेऊन जहाज निघाले, आणि २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांनी बंड करून ब्लायला होडीत सोडले; रोपे समुद्रात गेली. दुसऱ्या सफरीत, १७९३ मध्ये, ती अखेर वेस्ट इंडीजला पोहोचली. एका फळझाडाचे कोंब आईपासून तोडून दुसरीकडे लावण्यासाठी इतका खटाटोप. केळीचा मुनवा तोवर जवळपास तीनशे वर्षे बिनबोभाट तेथे वाढत होता, आणि गुलामांच्या मळ्यांत तोच त्यांचे पोट भरत होता.

आता घराकडे परतू. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात केळीचे माहेर म्हणजे वसई. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलाच्या आधीपासून आणि नंतरही तेथील वाड्यांत राहाटाच्या पाण्यावर केळी, सुपारी, पानवेल असे एकमेकांना सावली देणारे पीक घेतले जात असे. राजेळी, तांबडी, वेलची, मुठेळी, बसराई ही तिथली नावे. त्यांतली राजेळी पिकल्यावर सोलून उन्हात अनेक दिवस वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. हीच आगाशी-वसईची सुकेळी. साखरेचा कण न घालता ती मधासारखी गोड होते.

गंमत अशी, की वसईची राजेळी आणि केरळातली नेंद्रन ही एकच. एकीकडे तिची सुकेळी होते, दुसरीकडे खोबरेल तेलात तळलेले वेफर. आपली पांढरी वेलची कर्नाटकात एलक्की होते आणि तांबडी केळ केरळात चेंकदली. मुनवा समुद्रकिनाऱ्याने फिरला, प्रत्येक गावाने त्याला आपले नाव दिले. कोणत्या बंदरातून कोणत्या वर्षी तो उतरला याची वही कोणी ठेवली नाही, कारण मुनवा ही पुष्कळदा विकण्याची वस्तूच नव्हती. तो मागून नेण्याचा आणि वाटून देण्याचा. जकातीच्या कागदांत तो दिसत नाही याचे हे साधे कारण. घरामागच्या केळीचा कारभार बहुधा बायकांच्या हाती असे, आणि त्यांच्या देवघेवीची नोंद आपल्या दफ्तरांनी क्वचितच घेतली आहे.

बसराईची कथा मात्र कागदावर सापडते, आणि ती थेट इंग्लंडच्या एका काचघरात जाते. दक्षिण चीनमधील एक बुटकी केळ मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअर याच्याकडे आली होती. तेथून तिची रोपे १८२९ च्या सुमारास इंग्लंडला पोहोचली आणि डेव्हनशरच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने त्यांतले एक मिळवले. १८३५ मध्ये चॅट्सवर्थच्या काचघरात ते फुलले. ड्यूकचे घराणे कॅव्हेंडिश, म्हणून केळही कॅव्हेंडिश. जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने तिचे मुनवे पुढे सामोआला नेले आणि पॅसिफिक बेटांवर तिचा प्रसार झाला. आपली बसराई ही याच बुटक्या कॅव्हेंडिश गटातली. तिच्या नावात कुणाला बसरा बंदर ऐकू येते, कुणाला वसई. पुढे खानदेशात तिने जे साम्राज्य उभे केले त्याला तोड नाही. कल्याण-वासिंद लोहमार्ग, ज्यावर खडवली वसलेली आहे, तो १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला. १८६५ मध्ये गाड्या थळघाट चढून इगतपुरीला पोहोचल्या आणि त्यापुढे हाच मार्ग भुसावळला गेला. विसाव्या शतकात सावदा-रावेरची केळी वॅगनींतून दिल्लीकडे जाऊ लागली. जूनमधल्या लावणीला मृगबाग, पावसानंतरच्या लावणीला कांदेबाग आणि आईच्या जागी मुनवा वाढवून घेतलेल्या दुसऱ्या पिकाला पिलबाग : हे खानदेशी शब्दभांडार मुनव्याभोवतीच वाढले.

पण जी गोष्ट केळीचे बळ तीच तिचे मरण. आईचे सगळे गुण मुनव्यात येतात, तसे तिचे रोगही येतात. १९१३ च्या सुमारास फिजीहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुनव्यांबरोबर पर्णगुच्छ रोग गेला. पाने आखूड होऊन शेंड्याला झुपका होतो आणि घड येत नाही. दहा-बारा वर्षांत तेथील बागा उजाड झाल्या. चार्ल्स मॅगी याने १९२७ पर्यंत सिद्ध केले, की हा रोग माव्यामुळे आणि रोगट मुनव्यांमुळे पसरतो. १९४० च्या सुमारास तो सिलोनमार्गे केरळात शिरला. बाहेरून निरोगी दिसणारा मुनवा शेजाऱ्याला प्रेमाने दिला आणि त्याबरोबर त्याच्या बागेचे मरणही दिले, असे किती ठिकाणी झाले असेल!

दुसरा शत्रू मातीतला. पनामा रोगाची बुरशी मुळांतून शिरते, पाने पिवळी पडून केळ सुकते, आणि बुरशी जमिनीत कित्येक दशके तग धरते. ग्रो मिशेल नावाची जात एकेकाळी जगाच्या बाजारावर राज्य करीत होती. १९५०-६० च्या दशकांत या रोगाने तिला निर्यातीतून हद्दपार केले. तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली, कारण तिच्यावर त्या बुरशीचा परिणाम होत नव्हता. आता बुरशीचा नवा वाण कॅव्हेंडिशलाही मारतो. गेल्या दशकात तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला, २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेत कोलंबियाला पोहोचला. सगळी शेते एकाच आईच्या प्रतींनी भरलेली असतील तर एका रोगाला एकच कुलूप उघडावे लागते.

म्हणून मोठ्या शेतीने मुनव्याकडे पाठ फिरवली. जळगावात जैन इरिगेशनने नव्वदच्या दशकापासून ग्रँड नैन या कॅव्हेंडिश जातीची ऊतिसंवर्धित रोपे शेतकऱ्यांना दिली. प्रयोगशाळेत कोंबाच्या टोकापासून केलेली ही रोपे रोगमुक्त, एकसारखी आणि एकाच वेळी घड देणारी असतात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. यात तक्रारीला जागा नाही. शेतकऱ्याला निरोगी रोप मिळालेच पाहिजे. मात्र प्रयोगशाळा बाजाराला हवी तीच जात वाढवते. तांबडीसाठी, मुठेळीसाठी पहार उचलणारा उरला तर त्या उरतील.

येथेच केळ ही भातापेक्षा वेगळी पडते. भाताचे बी डब्यात काही वर्षे ठेवता येते, आणि शीतपेटीत तर दशकानुदशके. राजेळीचे बी ठेवता येत नाही, कारण ते नाहीच. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठात १९८५ पासून जगातील केळींचा संग्रह आहे; दीड हजारांहून अधिक वाण तेथे परीक्षानळ्यांत, इवल्या कोंबांच्या रूपात जगवले जातात, आणि दर काही महिन्यांनी कोणीतरी ते कोंब नव्या नळीत हलवते. तिरुचिरापल्लीला १९९३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रही असा संग्रह राखून आहे. पाहिले तर हे मुनवा लावण्याचेच काम आहे, फक्त पहारीच्या जागी चिमटा आहे.

इकडे वसईच्या वाड्या इमारतींखाली जात आहेत. विहिरींचे गोडे पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’चा लढा उभारला, तो याच वाड्यांसाठी होता. कल्याण-टिटवाळ्याकडून वस्ती खडवलीच्या दिशेने सरकते आहे; जिथे न्हाणीचे पाणी उघड्यावर सांडत होते तिथे आता गटाराचा पाइप येतो, आणि पाइपच्या तोंडाशी केळ लावता येत नाही. घर पाडताना आंबा तोडावा की ठेवावा यावर चर्चा होते. केळीवर होत नाही. ती जेसीबीच्या पहिल्या फेरीतच जाते.

तेव्हा या धाग्याखाली एक काम करा. तुमच्या घरामागे, मामाच्या गावी किंवा शेजारी केळीचे जुने बेट असेल तर जातीचे घरात चालणारे नाव लिहा, आणि तो मुनवा कोणत्या गावाहून, कोणत्या नात्यातून आला हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. व्यक्तींची नावे नकोत. ‘आजीच्या माहेरहून, आगाशी’ एवढे पुरे. आलेली उत्तरे जातवार लावून पुढच्या धाग्यात त्यांचा नकाशा देतो. आणि बेट हलवायचे असेलच तर पहिला पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर, अरुंद पानांचा मुनवा पाहून हलवा.